खोटे शिक्षक आणि देवाचा न्याय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘खोटे शिक्षक’ हा शब्द पवित्र शास्त्रात नेमका कोठे येतो आणि तो कोणासाठी वापरला आहे?

नव्या करारात हा शब्द एकदाच येतो, तो पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील पहिल्या वचनात. मूळ ग्रीक शब्द ‘स्यूडोडिडास्कलोस’ असा आहे. त्याच वचनात ‘खोटे संदेष्टे’ हा जुना, परिचित शब्दही आहे आणि लेखकाने दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवले आहेत: पूर्वी इस्राएल लोकांत जसे खोटे संदेष्टे होते, तसे तुमच्यात खोटे शिक्षक होतील. संदेष्टा ‘परमेश्वर असे म्हणतो’ अशी सुरुवात करून नवा संदेश देतो, तर शिक्षक हाती असलेल्या वचनाचा अर्थ उलगडून सांगतो. त्यामुळे खोट्या शिक्षकाला स्वप्नाची किंवा दर्शनाची गरज नसते. पवित्र शास्त्र समोर उघडे ठेवूनच तो लोकांना भलत्या वाटेला लावू शकतो. याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौलाच्या पत्रांतील समजायला अवघड जागांचा विपर्यास करणाऱ्या लोकांचा उल्लेख आहे, तो याच प्रकारचा.

दुसरी गोष्ट अशी की हा धोका बाहेरून चाल करून येणारा नाही. ही मते ‘गुपचूप आत आणली’ जातील असे पत्र म्हणते. मिलेत येथे इफिसच्या वडिलांचा निरोप घेताना पौलानेही हेच सांगितले होते: क्रूर लांडगे तुमच्यात शिरतीलच, पण तुमच्यापैकीच काही जण उठून विपरीत गोष्टी बोलतील. ज्यांना पौल हे सांगत होता ते मंडळीचे पुढारीच होते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही.

एखाद्याने अजाणता चुकीचे शिकवले, तर तोही खोटा शिक्षक ठरतो का?

नाही. अपुल्लोसाचे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. तो वक्तृत्वसंपन्न होता, शास्त्रात पारंगत होता, परंतु त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. त्याचे सभास्थानातील भाषण ऐकल्यावर प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या दांपत्याने त्याला चारचौघांत खोडून काढले नाही; त्याला आपल्याकडे घेऊन देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावून दिला. त्याने तो ऐकला, आणि तेथेच विषय संपला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रातील माणसे याच्या अगदी उलट आहेत. त्यांना सत्य माहीत आहे, ते त्यांनी सोडले आहे, आणि त्या सोडण्यातून त्यांना पैसा, मान आणि शरीरसुख मिळत आहे. चूक आणि खोटेपणा यांतील अंतर बुद्धीचे नसून हेतूचे आणि दुरुस्ती मानण्याच्या तयारीचे आहे.

‘पाखंडी मत’ म्हणजे काय? आपल्याला न पटणारे प्रत्येक मत पाखंडी का?

मराठी भाषांतरात जेथे ‘पाखंडी मते’ असे शब्द येतात, तेथे ग्रीकमध्ये ‘हाइरेसिस’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ ‘निवड’ आणि त्यावरून ‘एखादा पक्ष किंवा पंथ’ असा होतो. प्रेषितांच्या कृत्यांत हाच शब्द सदूकी आणि परूशी यांच्या गटांसाठी कोणताही दोष न लावता वापरला आहे. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात मात्र त्याला ‘नाशकारक’ असे विशेषण जोडले आहे आणि पुढील शतकांत त्या शब्दाचा निंदार्थच रूढ झाला.

गंमत अशी की आपल्या ‘पाखंड’ शब्दाचा प्रवासही हुबेहूब असाच झाला आहे. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात ‘पासंड’ म्हणजे केवळ धर्मपंथ, आणि सर्व पासंडांचा आदर करावा असे तो लेख सांगतो. नंतर त्याच शब्दाला ढोंगाचा वास चिकटला. तेव्हा भाषांतरकारांनी हा शब्द निवडला तो अर्थाच्या दृष्टीने योग्यच होता. मात्र वाचताना ‘माझ्याहून वेगळे ते पाखंडी’ इतका स्वस्त अर्थ काढू नये. दिवस पाळणे किंवा अन्न वर्ज्य करणे अशा मतभेदांविषयी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय स्पष्टपणे विचारतो की दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण. नाशकारक मताची खूण पत्रानेच दिली आहे: ज्या स्वामीने त्यांना विकत घेतले त्यालाच ते नाकारतात.

यहूदाचे पत्र आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा दुसरा अध्याय इतके सारखे का वाटतात?

कारण त्यांतील मजकूर खरोखरच सामाईक आहे. पाप करणारे देवदूत, सदोम व गमोरा, बलाम, पाणी नसलेले ढग किंवा झरे, राखून ठेवलेला अंधार, हे सर्व दोन्हीकडे आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते यहूदाचे पंचवीस वचनांचे छोटे पत्र आधीचे असून पेत्राच्या दुसऱ्या पत्राने त्याचा आधार घेतला. हे पत्र स्वतः पेत्राचे की त्याच्या नावाने नंतर लिहिलेले, याविषयी प्राचीन काळापासून चर्चा आहे. चौथ्या शतकात मंडळीचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसाने यहूदाचे पत्र आणि पेत्राचे दुसरे पत्र ही दोन्ही ‘काहींनी शंका घेतलेल्या, पण बहुतेकांना माहीत असलेल्या’ ग्रंथांत धरली होती, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याच्या इ. स. ३६७ मधील पत्रातील सत्तावीस ग्रंथांच्या यादीत मात्र दोन्ही आहेत.

साम्यापेक्षा फरक अधिक बोलके आहेत. यहूदा अरण्यातील इस्राएल, देवदूत, सदोम अशा क्रमाने जातो. पेत्राचे पत्र कालक्रम लावते, अरण्याच्या जागी जलप्रलय घेते आणि प्रत्येक नाशाच्या शेजारी सुटका मांडते: प्रलयातून नोहा व त्याच्याबरोबरची सात माणसे, सदोमातून लोट. आणखी एक बारकावा आहे. यहूदा म्हणतो की हे लोक ‘तुमच्या प्रेमभोजनांत’ निर्लज्जपणे जेवतात. तेथे शब्द ‘अगापाइस’ आहे. पेत्राच्या पत्रात त्या जागी ‘अपाताइस’, म्हणजे ‘आपल्या कपटांत’, असा जवळजवळ सारख्या उच्चाराचा शब्द येतो. काही हस्तलिखितांत पेत्राच्या पत्रातही ‘प्रेमभोजन’च लिहिलेले सापडते. प्रेमभोजनाचे कपटभोजन व्हायला दोन-तीन अक्षरे पुरली, हा श्लेष लेखकाने जाणूनबुजून केला असावा असे मला वाटते.

देवदूत, जलप्रलय आणि सदोम हीच उदाहरणे का निवडली आहेत?

हे एक लांबलचक ‘जर–तर’ वाक्य आहे. चौथ्या वचनात ‘जर’ सुरू होतो आणि ‘तर’ थेट नवव्या वचनात येतो: जर देवाने देवदूतांना सोडले नाही, प्राचीन जगाला सोडले नाही, दोन नगरे राख केली आणि तरीही नोहाला व लोटाला वाचवले, तर भक्तिमान लोकांना परीक्षेतून कसे सोडवावे आणि अनीतिमानांना न्यायाच्या दिवसासाठी कसे राखून ठेवावे हे प्रभूला ठाऊक आहे. मोठ्याने वाचताना श्वास पुरत नाही असे हे वाक्य आहे, आणि भाषांतरात ते तोडले की त्यातील ताण निघून जातो. निष्कर्षात सुटका आधी येते आणि शिक्षा नंतर, हेही पाहण्यासारखे आहे.

देवदूतांना अंधारात टाकले असे सांगताना वापरलेले क्रियापद ‘टार्टारोस’ या ग्रीक पुराणकथांतील पाताळाच्या नावावरून बनले आहे आणि नव्या करारात ते अन्यत्र कोठेही नाही. मराठीत तेथे ‘नरक’ असा शब्द वाचून येशूच्या तोंडी असलेला ‘गेहेन्ना’ (अंतिम शिक्षेची जागा) आणि हे ठिकाण एकच समजले जाते. वास्तविक येथे अंतिम शिक्षेची जागा अभिप्रेत नाही, तर न्यायाच्या दिवसापर्यंतची कोठडी अभिप्रेत आहे.

लोटाला ‘नीतिमान’ म्हटलेले पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण उत्पत्तीच्या पुस्तकातील लोट फारसा आदर्श नाही. देवदूतांनी हात धरून बाहेर काढेपर्यंत तो रेंगाळतच होता. तरीही त्याचा जीव रोज कासावीस होत असे, एवढी गोष्ट पत्र त्याच्या बाजूने नोंदवते.

बलामाचा इतका राग का? त्याने तर इस्राएलला आशीर्वादच दिला होता.

गणना या पुस्तकाच्या बावीस ते चोवीस या अध्यायांपुरते पाहिले तर प्रश्न बरोबर आहे. मवाबचा राजा बालाक त्याला शाप देण्यासाठी बोलावतो. पहिल्या वेळी तो नकार देतो. दुसऱ्या वेळी अधिक प्रतिष्ठित सरदार आणि मोठ्या मानाचे आश्वासन येते, तेव्हा तो ‘पुन्हा एकदा विचारून पाहतो’. उत्तर आधीच मिळालेले असताना ते पुन्हा विचारणे, येथेच त्याचे पाऊल घसरलेले दिसते. वाटेत गाढवीला तलवार उपसलेला देवदूत दिसतो, द्रष्ट्याला दिसत नाही. ती आधी शेतात वळते, मग द्राक्षमळ्यांच्या अरुंद वाटेवर भिंतीला अंग घासून त्याचा पाय चिरडते आणि शेवटी त्याच्याखालीच बसकण मारते. तिन्ही वेळा तो तिला झोडपतो. ज्याची ख्याती दिव्यदृष्टीची, त्याला शहाणपण मुक्या जनावराकडून ऐकावे लागते, हा विनोद पेत्राच्या पत्राच्या लेखकाने नेमका उचलला आहे.

मात्र बलामाचा खरा दोष पुढे, एकतिसाव्या अध्यायात उघड होतो. तोंडाने शाप देता आला नाही म्हणून त्याने सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यामुळे इस्राएल लोक पौर येथील दैवताच्या प्रकरणात मूर्तिपूजेत आणि व्यभिचारात ओढले गेले. त्यानंतर मिद्यानी लोकांशी झालेल्या युद्धात तो तलवारीने मारला गेला. प्रकटीकरणात पर्गम येथील मंडळीला लिहितानाही ‘बलामाची शिकवण’ याच अर्थाने येते. म्हणजे व्यासपीठावरील त्याचे प्रत्येक वाक्य निर्दोष होते. बिघाड व्यवहारात होता. जाता जाता सांगायचे तर, जॉर्डनमधील देइर अल्ला येथे १९६७ मध्ये भिंतीच्या गिलाव्यावर लिहिलेला सुमारे इ. स. पू. ८०० चा एक लेख सापडला, त्यात ‘बौराचा पुत्र बलाम, देवांचा द्रष्टा’ असा उल्लेख आहे. इस्राएलबाहेरही हे नाव प्रसिद्ध होते.

यहूदाने हनोखाच्या ग्रंथातून वचन घेतले आहे. मग तो ग्रंथही पवित्र शास्त्र मानावा का?

यहूदाच्या चौदाव्या व पंधराव्या वचनांतील भविष्यवाणी हनोखाच्या पहिल्या ग्रंथाच्या आरंभी सापडते, यात शंका नाही. इथियोपियाची ऑर्थोडॉक्स मंडळी तो ग्रंथ शास्त्रात धरते. इतर बहुतेक मंडळ्या धरत नाहीत. मृत समुद्राजवळील कुमरान येथील गुहांत त्याचे अरामी तुकडे मिळाल्यामुळे तो येशूच्या काळापूर्वीच यहुदी लोकांत वाचला जात होता हे सिद्ध झाले आहे. एखाद्या ग्रंथातील वाक्य खरे म्हणून उद्धृत करणे आणि संपूर्ण ग्रंथाला प्रमाण मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अथेन्समध्ये पौलानेही ग्रीक कवींची ओळ घेतली होती.

न्याय इतका निश्चित आहे, तर असे लोक वर्षानुवर्षे सुखात कसे राहतात?

हा प्रश्न त्या काळीही विचारला जात होता, आणि गंमत म्हणजे तो खोट्या शिक्षकांचाच आवडता मुद्दा होता. ‘त्याच्या येण्याचे वचन कोठे आहे? वाडवडील गेले, सर्व काही जसेच्या तसे चालू आहे,’ अशी थट्टा तिसऱ्या अध्यायात येते. न्याय नाही असे एकदा ठरले की लगामही उरत नाही. म्हणून त्यांची शिकवण आणि त्यांचे वागणे एकाच मुळातून निघते.

पत्र यावर दोन उत्तरे देते आणि दोन्ही एकत्र धरावी लागतात. पहिले दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनात आहे: त्यांचा नाश डुलक्या घेत नाही. येथील क्रियापद नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येते, वराला उशीर झाला तेव्हा पेंगू लागलेल्या दहा कुमारींच्या दाखल्यात. माणसे पेंगतात, न्याय पेंगत नाही. दुसरे उत्तर तिसऱ्या अध्यायात आहे: प्रभू विलंब करत नाही, तर धीर धरतो, कारण कोणाचाही नाश व्हावा अशी त्याची इच्छा नाही. ‘कोणाचाही’ या शब्दात खोटे शिक्षकही येतात. थुवतीरा येथील मंडळीत जिला ‘ईजबेल’ म्हटले आहे, तिच्याविषयी ‘मी तिला पश्चात्ताप करण्यास अवधी दिला’ असे प्रकटीकरण सांगते. ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांना हा धीर जाचतो, आणि जाचणारच. स्तोत्रकर्त्यालाही तो जाचला होता.

खरा शिक्षक आणि खोटा शिक्षक ओळखायचा कसा?

शास्त्रात एकच कसोटी नाही. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सांगितले आहे की परमेश्वराच्या नावाने सांगितलेली गोष्ट घडली नाही, तर ती त्याची नव्हे. तेराव्या अध्यायात मात्र याहून कठीण प्रसंग आहे: चिन्ह खरे ठरले, चमत्कार झाला, पण तो माणूस दुसऱ्या देवांकडे नेऊ लागला, तर त्याचे ऐकू नये. म्हणजे केवळ ‘चमत्कार झाला’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. येशूने फळांवरून ओळखा असे सांगितले, आणि फळ लागायला वेळ जातो.

यिर्मयाच्या पुस्तकातील हनन्या या खोट्या संदेष्ट्याची हकिकत या संदर्भात वाचावी. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून यरुशलेमेत फिरत होता. बाबेलच्या राजाखाली मान घाला, असा त्याचा संदेश होता. मंदिरात सर्वांसमोर हनन्या म्हणाला की दोन वर्षांच्या आत मंदिराची पात्रे परत येतील, बंदिवान परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाचे पहिले उत्तर चकित करणारे आहे: ‘आमेन, परमेश्वर असेच करो.’ शांतीची भविष्यवाणी खरी ठरल्यावरच कळते, एवढी भर घालून तो थांबला. हनन्याने त्याच्या मानेवरचे जू काढून मोडले, तेव्हाही तो वाद न घालता निघून गेला. नंतर परमेश्वराचे वचन मिळाल्यावरच परत येऊन त्याने सांगितले की लाकडाचे जू मोडून तू लोखंडाचे केलेस, आणि तू याच वर्षी मरशील. प्रसंग पाचव्या महिन्यातला. सातव्या महिन्यात हनन्या वारला. खऱ्या संदेष्ट्याला सुखाच्या बातमीचा मत्सर नव्हता आणि उत्तर देण्याची घाईही नव्हती.

प्रेषितांच्या नंतरच्या मंडळीने तर अगदी घरगुती नियम केले होते. १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ज्याचे हस्तलिखित फिलोथिओस ब्रायेनिओस यांना सापडले, त्या ‘डिडाखे’ नावाच्या प्राचीन नियमपुस्तिकेत असे आहे की फिरतीवर आलेल्या प्रेषिताचे प्रभूसारखे स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडल्यास दोन. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या. पैसे मागितले तर तो खोटा. ‘आत्म्याने’ जेवणाची पंगत मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला तर तोही खोटा. हे नियम करणाऱ्यांनी बरेच पाहुणे पाहिले असावेत.

‘न्याय करू नका’ असे येशूने सांगितले असताना आपण कोणाला खोटे म्हणावे का?

ते वाक्य आणि मेंढरांच्या वेषातील लांडग्यांचा इशारा मत्तयाच्या एकाच, सातव्या अध्यायात आहेत. त्यामुळे पहिल्याचा अर्थ दुसऱ्याला रद्द करणारा असू शकत नाही. पारख करणे मंडळीचे काम आहे; शिक्षा ठरवणे तिचे काम नाही. यहूदा सांगतो की आद्यदेवदूत मीखाएलनेही सैतानाशी वाद घालताना निंदेचा शब्द उच्चारला नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच तो म्हणाला. समाजमाध्यमांवर दुसऱ्या पंथाच्या पाळकाला नरकात पाठवणाऱ्यांनी हे वचन एकदा वाचावे.

आमच्या बुधवारच्या अभ्यासवर्गात हा अध्याय जेव्हा जेव्हा निघतो, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी दुसऱ्या मंडळीचे नाव घेतेच. आपल्या मंडळीचे नाव आजवर कोणी घेतलेले नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात मात्र न्यायाचा आरंभ देवाच्या घरापासून होतो असे लिहिले आहे.

पुढे खोटा ठरलेल्या पाळकाच्या हातून माझा बाप्तिस्मा झाला. तो ग्राह्य आहे का?

होय. भ्रष्ट सेवकाने केलेला संस्कार ग्राह्य नाही असे मानणाऱ्या उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट लोकांशी झालेल्या दीर्घ वादात ऑगस्टीनने हीच बाजू मांडली: संस्कार ख्रिस्ताचा आहे, सेवकाचा नाही. सोळाव्या शतकातील लुथरन आणि अँग्लिकन मतपत्रकांनीही ती स्वीकारली. पौल तर तुरुंगातून लिहितो की काही जण हेव्याने ख्रिस्ताची घोषणा करतात, तरी घोषणा होते याचा मला आनंद आहे.

शिकवणाऱ्यांचा न्याय इतरांपेक्षा कडक होईल का?

याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे पहिलेच वचन तसे सांगते, आणि लेखक त्यात ‘आपण’ म्हणून स्वतःलाही मोजतो. रविवारच्या शाळेत शिकवणारे, घरगुती प्रार्थनासभा चालवणारे आणि अशी प्रश्नोत्तरे लिहिणारे, सगळेच त्या ‘आपण’मध्ये आले.

जे अशा शिक्षकाच्या नादी लागले आहेत, त्यांच्याशी कसे वागावे?

यहूदाच्या पत्राचा कठोर भाग संपल्यावर बावीस व तेवीस या वचनांत सूर एकदम बदलतो. जे संशयात आहेत त्यांच्यावर दया करा. काहींना जाळातून ओढून वाचवा. काहींवर भीत भीत दया करा. हस्तलिखितांत हे गट कोठे दोन, तर कोठे तीन आहेत, परंतु दया सर्वत्र आहे. ‘आम्ही आधीच सांगितले होते’ हे वाक्य या यादीत नाही. घर विकून पैसे देऊन बसलेल्या माणसाला आधी जेवायला बोलवावे, वचने नंतर काढावीत.

हे उतारे कोणत्या क्रमाने वाचावेत?

आधी यहूदाचे पत्र सलग वाचावे. दहा मिनिटेही लागत नाहीत. वाचताना ‘राखणे’ या क्रियापदाखाली पेन्सिलीने रेघ ओढावी. ख्रिस्तासाठी राखलेले लोक, आपले अधिकारपद न राखलेले देवदूत, न्यायासाठी राखलेले तेच देवदूत, भटक्या ताऱ्यांसाठी राखलेला काळोख, देवाच्या प्रीतीत स्वतःला राखा ही आज्ञा: एकच शब्द धमकी आणि दिलासा दोन्ही वाहून नेतो. मग गणनाचा बाविसावा अध्याय, यिर्मयाचा अठ्ठाविसावा, आणि त्यानंतर पेत्राचे दुसरे पत्र तिन्ही अध्यायांसह घ्यावे. केवळ दुसऱ्या अध्यायावर थांबू नये, कारण देव धीर का धरतो हे तिसऱ्यात लिहिलेले आहे.